भिंत दुसऱ्याची, पाहुणा आपला : आग्वादच्या तटाखाली वाढलेली साखळी

१९०३ ते १९७० या सदुसष्ट वर्षांत ताजने किती हॉटेलं उघडली, हा प्रश्न मी पहिल्याच तासाला वर्गात टाकतो. मुलं अंदाज बांधतात. कोणी दहा म्हणतं, कोणी पंधरा, एखादा धीट थेट पन्नासावर जातो. उत्तर आहे एक. मुंबईचं, अपोलो बंदरावरचं. शेजारचं ग्रीन्स हॉटेल कंपनीकडे आलं होतं खरं, पण पुढे ते पाडून त्याच जागेवर टॉवर उभा केला, १९७३ मध्ये. म्हणजे तेही घरच्याच अंगणात.

आणि मग १९७१ ते १९७४ या चार वर्षांत उदयपूर, जयपूर, मद्रास, मद्रासजवळचं कोवलम आणि गोवा. इतकी वर्षं एका जागी बसून राहिलेली कंपनी एकदम गावोगाव फिरायला लागली. मी गोव्यात हॉटेल व्यवस्थापन शिकवतो, आणि हॉटेलांची साखळी म्हणजे काय हे समजावायला मला परदेशी विद्यापीठांची प्रकरणं लागत नाहीत. सिकेरीचा किनारा आमच्या कॉलेजपासून पाऊण तासावर आहे. दर वर्षी पावसाळा सरला की मी मुलांना आग्वाद किल्ल्याच्या माथ्यावर, दीपस्तंभापाशी नेतो आणि खाली बघायला सांगतो. एका बाजूला मांडवीचं मुख, दुसऱ्या बाजूला कांदोळीकडे जाणारी वाळूची रेघ, आणि त्या रेघेच्या टोकाला समुद्रात घुसलेला चिऱ्याचा बुरूज. बुरुजामागे लाल कौलं दिसतात, ते ताजचं हॉटेल.

दोन वर्षांपूर्वी पेडण्याच्या एका मुलीने तिथे विचारलं, "सर, ती भिंत हॉटेलची की किल्ल्याची?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, किल्ल्याची. पण प्रश्न डोक्यात राहिला. हे प्रकरण त्या प्रश्नातूनच लिहिलेलं आहे.

एका इमारतीची कंपनी

इंडियन हॉटेल्स कंपनी १९०२ ची. जमशेटजी टाटांनी ती उभी केली आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं तेव्हा मुक्कामाला पाहुणे होते सतरा. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. (वैद्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम फळ्यावर लिहितो.) जमशेटजींना वॉटसन्स हॉटेलात गोऱ्यांनी अडवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट दर वर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत येते. ती आख्यायिका आहे, आणि प्रकरण अभ्यासात आख्यायिकेला गुण नाहीत.

जमशेटजी १९०४ मध्ये वारले. हॉटेलासमोरचं गेटवे पुरं झालं १९२४ मध्ये, म्हणजे हॉटेल आधीचं आणि गेटवे नंतरचं. पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचं इस्पितळ होतं. हे सगळं रंजक आहे, पण आपल्या कामाची गोष्ट एकच : हे हॉटेल बंदराचं हॉटेल होतं. पाहुणा बोटीतून उतरायचा, दोन-चार रात्री राहायचा आणि पुढे आगगाडी पकडायचा. अशा धंद्यात दुसऱ्या गावी शाखा काढायची गरज पडत नाही, कारण पाहुणा दारात येतच असतो. साठच्या दशकात जेट विमानं आली, बोटीचा प्रवासी आटला, आणि पाहुणा आता बंदरावर उतरणार नाही हे कंपनीला दिसायला लागलं.

सत्तरीच्या सुरुवातीला कंपनीची धुरा अजित केरकरांकडे आली आणि १९९७ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. केरकर हे आडनाव ऐकलं की गोव्यातला माणूस कान टवकारतो. आतल्या सजावटीची बाजू एलिझाबेथ केरकरांनी अनेक वर्षं सांभाळली, आणि विक्रीची सूत्रं कॅमेलिया पंजाबींकडे होती. साखळीचा पाया या काळात घातला गेला.

आधी राजवाडे

१९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. वाडे होते, पण दिवे लावायलाही पैसे नाहीत अशी अवस्था. इथे एक दुरुस्ती करतो, कारण पाठ्यपुस्तकंसुद्धा चुकतात : राजवाड्यांची हॉटेलं ताजने केली नाहीत. जयपूरच्या महाराजांनी रामबागचं हॉटेल १९५७ मध्येच केलं होतं, आणि उदयपूरचा जगनिवास, म्हणजे लेक पॅलेस, महाराणांनी १९६३ मध्ये पाहुण्यांना खुला केला होता. दोघांकडे भिंती होत्या, नोकरचाकर होते, पिढ्यान्‌पिढ्यांचं आतिथ्य होतं. नव्हती ती विक्रीची यंत्रणा, हिशेबाची शिस्त, आणि दिल्ली-लंडनच्या ट्रॅव्हल एजंटाला रोज उत्तर देणारं ऑफिस.

ताजने १९७१ मध्ये उदयपूर आणि १९७२ मध्ये जयपूर चालवायला घेतलं. वाडा राजाचाच राहिला. वारसा, मालकी, भिंतीवरची ढाल-तलवार सगळं त्यांचं. खोली विकायची, बिल करायचं आणि तक्रार ऐकून घ्यायची ती ताजने.

या व्यवहाराला धंद्यात व्यवस्थापन करार म्हणतात, आणि आज जगातल्या मोठ्या हॉटेल साखळ्या मुख्यतः यावरच वाढतात. इमारत मालकाची, कर्ज मालकाचं, बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांचा पगारही मालकाच्या खात्यातून. साखळी आपलं नाव देते, जनरल मॅनेजर पाठवते, आरक्षणाची यंत्रणा जोडून देते, चादरीच्या विणीपासून चहाच्या कपापर्यंत नियम घालून देते. बदल्यात एकूण उलाढालीतला थोडा हिस्सा आणि नफ्यातला वेगळा हिस्सा घेते. हंगाम पडला तर साखळीचं उत्पन्न घटतं, मालकाचा मात्र हप्ता चुकतो. मुलांना मी सांगतो की हा करार वाचताना एकच गोष्ट शोधा : पाऊस लांबला तर रात्री झोप कोणाची उडते?

मग किल्ला

गोव्याचा निर्णय याहून अवघड होता, कारण इथे चालतं हॉटेल नव्हतं. १९७० च्या आसपासचा गोवा डोळ्यांपुढे आणा. मुक्ती होऊन दशकही उलटलेलं नाही. पणजीत मांडवी हॉटेल होतं, १९५२ साली सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी बांधलेलं. कळंगुट-हणजुण्याला हिप्पी आले होते, पण ते भाड्याच्या खोल्यांत आणि झावळ्यांच्या झोपड्यांत राहायचे, त्यांच्याकडून पंचतारांकित हॉटेल काय कमावणार? आणि आपली मराठी माणसं? ती गोव्यात यायची मंगेशीला, म्हाळशेला, शांतादुर्गेला, कुळाचार करायला, आणि उतरायची देवळाच्या अग्रशाळेत. पंगतीचं जेवण, स्वतःची वळकटी, सकाळी अभिषेक. समुद्र बघायचा तो संध्याकाळी, चपला हातात घेऊन, घोट्यापर्यंत पाण्यात. त्यासाठी कोणी खोलीचं भाडं भरत नव्हतं.

पोचणंही सोपं नव्हतं. मुंबईहून बोट पणजीला यायची ती जवळजवळ दिवस घेऊन. विमान उतरायचं दाबोळीला, नौदलाच्या तळावर. तिथून पाहुण्याची गाडी कुठ्ठाळीला फेरीबोटीवर चढवायची, आगशीला उतरवायची, मग पणजी, मांडवीवरचा तेव्हाचा नवा पूल, वेरेंमार्गे नेरूल आणि शेवटी सिकेरी. युरोपातून थकून आलेल्या माणसाला हे सगळं सुट्टीचा भाग वाटायला हवं, अशी ही विक्री होती.

जागा तरी हीच का? पणजीत शहरी हॉटेल काढता आलं असतं, सरकारी आणि खाणवाल्यांची वर्दळ बारमाही होती. कळंगुटचा मोठा किनारा होता. माझं वाचन असं की सिकेरीला दोन गोष्टी होत्या ज्या पैशाने विकत मिळत नाहीत. एक, ती किनाऱ्याची अखेर होती. आग्वादचा डोंगर आडवा येतो, त्यापुढे वाट नाही, म्हणून गर्दी इथवर येऊन मागे फिरते. आणि दुसरी म्हणजे तट. पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुरा केलेला हा किल्ला. नावच पाण्यावरून पडलेलं. वरच्या बालेकिल्ल्यात सुमारे चोवीस लाख गॅलन पाणी मावेल असं टाकं, मांडवीत शिरणारी जहाजं इथे पाणी भरून घ्यायची. १८६४ चा दीपस्तंभ नंतरचा. चारशे वर्षांच्या भिंतीला लागून हॉटेल काढलं की पहिल्या दिवसापासून त्याला वय येतं. राजवाड्यांतून ताज जे शिकलं होतं, तेच इथे वापरलं. गोव्याचं हॉटेल उघडलं त्याच वर्षी मद्रासजवळ कोवलमलाही ताजचं किनाऱ्यावरचं हॉटेल उघडलं, तेही जुन्या किल्ल्याच्या अवशेषांवर. एकाच साली दोन किल्ले हा योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट १९७४ मध्ये उघडलं. भाऊसाहेब बांदोडकर आदल्या वर्षी गेले होते आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या.

आता हिशेब. आकडे माझे, फक्त समजावण्यापुरते. समजा १०० खोल्या आहेत. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने ८० टक्के भरतात आणि उरलेले सात महिने ३० टक्के. वर्षाची सरासरी ५१ टक्क्यांच्या आत येते. शहरातलं साधं हॉटेल बाराही महिने ६५ टक्के चाललं, तर दोघांत वर्षाला पाच हजारांवर खोली-रात्रींचा फरक पडतो. न विकलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, मासळीसारखं बर्फातही ठेवता येत नाही. मग एक तर हंगामात दर चढा लावा, नाही तर पाऊस विका. गोव्याचा पाऊस विकणं, मान्सूनमध्ये सवलतीचे दिवस लावून मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना बोलावणं, हे आज इतकं अंगवळणी पडलंय की कधीतरी कोणाला तरी ते शिकावं लागलं होतं हेच आपण विसरतो. साखळीने किनाऱ्यावर मिळवलेलं मोठं ज्ञान ते हे, असं मला वाटतं. राजवाड्याचा थाट कोणीही उसना आणेल, जुलै भरणं कठीण.

जुलै म्हणजे काय हे मला शिकवलं ते आमच्या शेजारच्या एका काकांनी. उभी हयात त्यांनी या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हाउसकीपिंगमध्ये काढली. बार्देसातली त्यांच्या वयाची निम्मी मुलं बोटीवर गेली, तारवटी झाली. हे घरी राहिले कारण आई एकटी होती. ते सांगायचे, मिरग लागला की पहिलं काम पितळेचं. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या सगळ्यांना तेल चोळायचं, नाही तर खारं वारं ऑगस्टपर्यंत त्यांना हिरवं करून टाकतं. मग कपाटं उघडी ठेवून आत बल्ब लावायचा. आणि चादर. धुऊन, ड्रायरमधून काढून, इस्त्री करूनही ती घालण्याआधी नाकाला लावून बघायची. "वास आला ना, तर परत. पाहुण्याला डोळ्याने दिसत नाही, पण उशीवर डोकं टेकलं की कळतं," असं म्हणत ते हातातलं वर्तमानपत्रच हुंगून दाखवायचे. हंगामात एका माणसाकडे चौदा-चौदा खोल्या असायच्या आणि पावसात सहा, पण सहा खोल्यांचं काम जास्त, हे त्यांचं गणित कुठल्याच मॅन्युअलमध्ये मी पाहिलेलं नाही.

चोगमचा रस्ता

पर्वरीहून सांगोल्डा-साळगावमार्गे कळंगुटकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही चोगम रोड म्हणतो. आज त्यावर फर्निचरची दुकानं, बेकऱ्या आणि दुपारी चारची कोंडी आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना चोगम हे एखाद्या साहेबाचं नाव वाटतं. ती राष्ट्रकुलाच्या शासनप्रमुखांची परिषद होती, नोव्हेंबर १९८३, दिल्लीत. मधले दोन-तीन दिवस नेते विश्रांतीला आले ते आग्वादला. यजमान इंदिरा गांधी, पाहुण्यांत मार्गारेट थॅचर. त्यांच्यासाठी डोंगराच्या उतारावर स्वतंत्र बंगल्या बांधल्या गेल्या, पुढे त्या हर्मिटेज म्हणून विकल्या गेल्या. झुआरीवरचा पूलही त्याच वर्षी झाला आणि कुठ्ठाळीची फेरी मागे पडली. आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचं गोवा घोषणापत्र इथूनच निघालं.

हॉटेल कंपनीच्या नजरेतून बघा. जो रस्ता, जी वीज, जो पूल एरवी वीस वर्षं अर्ज करून मिळाला नसता, तो एका परिषदेने मिळवून दिला. जगभरच्या वर्तमानपत्रांत सिकेरीचं नाव छापून आलं, जाहिरातीचा एक रुपया न घालता.

याच गोष्टीला दुसरं टोक आहे आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं : भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवा. बरोबर दोन वर्षांनी त्याच पंतप्रधानांनी पाहुण्यांना ज्या हॉटेलात उतरवलं, ते पाचशे मीटर दूर मुळीच नाही. लाटेचा तुषार खिडकीला लागतो. यात ढोंग होतं असं मी म्हणत नाही, हॉटेल पत्राच्या सात वर्षं आधीचं. पण धंद्याचा विद्यार्थी लगेच ओळखेल की त्या पत्राने, आणि पुढे १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेने, आधीपासून किनाऱ्यावर बसलेल्यांची किंमत वाढवली. उशिरा आलेल्याला मागे सरकून बांधावं लागणार होतं. पाण्याला लागून असलेल्या खोल्या आता पुन्हा कोणी बांधू शकत नव्हतं.

१९८५ मध्ये फ्रँकफर्टहून पहिलं चार्टर विमान दाबोळीला उतरलं आणि पर्यटनाची जातच बदलली. १९८७ मध्ये जागृत गोंयकारांची फौज उभी राहिली, परदेशी पाहुण्यांच्या हातात विमानतळावरच निषेधाची पत्रकं पडायला लागली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हॉटेलाच्या हिरवळीला पाणी मिळतं आणि गावच्या नळाला हवा येते, रांपण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्याची वाळू खुर्च्यांखाली जाते आणि वाट्याला येते ती नोकरी, तीही हंगामी. माझ्या वर्गात या मुद्द्यावर दर वर्षी दोन तट पडतात, आणि गंमत म्हणजे हॉटेलात नोकरी करणाऱ्या आईबापांची मुलं बहुधा फौजेच्या बाजूने बोलतात.

रंगवलेल्या खिडक्या आणि खरी वाट

आता थोडं सिकेरी सोडून दोनापावलकडे. वायंगिणीच्या खाडीवर सिदाद दे गोवा नावाचं हॉटेल आहे, चार्ल्स कोरियांनी रचलेलं, १९८२ च्या सुमाराचं, मालक फोमेंतो हा खाण उद्योगातला समूह. कोरियांनी तिथे भिंतींवर भिंती रंगवल्या. दारं, खिडक्या, सज्जातून डोकावणारी माणसं, जवळ जाऊन हात लावला की कळतं, सपाट आहे. माझ्या मते गोव्यातली सर्वांत खट्याळ इमारत.

याच हॉटेलावर गोव्याच्या किनाऱ्याचा सर्वांत गाजलेला खटला चालला. हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादित करून दिली तेव्हा लोकांची किनाऱ्याकडे जाणारी वाट मोकळी राहील अशी अट होती. पुढे झालेल्या विस्ताराने ती वाट अडवली असा दावा होता, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करून ते वाढीव बांधकाम पाडायला सांगितलं. निकालानंतर राज्य सरकारने भूसंपादन कायद्यातच पूर्वलक्षी दुरुस्ती करून बांधकाम वाचवलं. गोवा फाउंडेशनने दुरुस्तीला आव्हान दिलं, २०१६ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. कायद्याच्या मुलांनी हा खटला वाचावाच, पण हॉटेलच्या मुलांनी आधी वाचावा.

ताजचा या खटल्याशी संबंध नव्हता. ताज आलं त्यानंतर, २०१९ च्या सुमाराला, व्यवस्थापन करारावर. आधी जुन्या इमारतीवर कंपनीच्या सिलेक्शन्स या नावाची पाटी लागली, शेजारी परिषदांसाठीचं मोठं नवं हॉटेल ताज म्हणून उघडलं, आणि आता दोन्हींवर ताज सिदाद दे गोवा असं नाव आहे, एकाला हेरिटेज, दुसऱ्याला होरायझन हे शेपूट. जगनिवासात जे १९७१ मध्ये झालं तेच इथे झालं. फरक इतकाच की राजाच्या जागी खाणमालक आला.

पेडण्याच्या मुलीचा प्रश्न इथे परत येतो. भिंत कोणाची, या प्रश्नाचं उत्तर साखळीच्या वाढीत सतत बदलत गेलंय. राजाची, पोर्तुगीजांची, खाणमालकाची. पाटी तेवढी एकच. आणि ज्याची भिंत त्याचे वाद, ज्याची पाटी त्याचा पाहुणा, अशी वाटणी झाली की साखळीला वाढायला फार भांडवल लागत नाही. तिला सांभाळायचं असतं ते नाव.

नाव सांभाळताना

नावाच्या बाबतीतच कंपनीने सर्वांत जास्त धरसोड केली. २०१० मध्ये विवांता बाय ताज हे नवं नाव निघालं आणि सिकेरीची दोन्ही हॉटेलं, आग्वाद आणि शेजारचं हॉलिडे व्हिलेज, त्यात घातली गेली. छत्तीस वर्षं ताज म्हणून ओळखलेल्या जागेवर विवांताची पाटी. कळंगुटच्या नाक्यावरचे टॅक्सीवाले मात्र ताजच म्हणत राहिले. २०१७ मध्ये सगळी हॉटेलं पुन्हा एकाच ताज नावाखाली आणायचं ठरलं. त्याच वर्षाअखेर पुनीत छटवाल प्रमुख झाले आणि पुन्हा वेगवेगळी नावं आली. ताज फक्त वरच्या थरासाठी, मधे विवांता आणि सिलेक्शन्स, खाली जिंजर. आग्वाद ताजमध्येच राहिलं. सात वर्षांत पाटी, नॅपकिन, साबणाची वेष्टणं आणि गणवेशावरची कशिदाकारी दोनदा बदलायला किती खर्च आला असेल, हे मी मुलांना अंदाजाने काढायला लावतो. गणवेश सगळे विसरतात.

परदेशात मालकीच्या भिंतींनी हात पोळले होते ते वेगळं. बॉस्टनचं जुनं रिट्झ-कार्लटन सुमारे १७ कोटी डॉलरला घेतलं, २०१६ मध्ये साडेबारा कोटींना विकलं. ओरिएंट-एक्स्प्रेस हॉटेल्समध्ये २००७ मध्ये हिस्सा घेतला तर त्या कंपनीच्या प्रमुखाने, मुख्यतः भारतापुरत्या असलेल्या साखळीशी नाव जोडलं गेलं तर आमच्या नावाला बट्टा लागेल, अशा आशयाचं पत्र पाठवलं. २०१२ मध्ये पूर्ण कंपनी घ्यायचा १८६ कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला आणि पुढच्या वर्षी मागे घेतला. मधे २६ नोव्हेंबर २००८ येऊन गेला होता. मुंबईच्या ताजमध्ये किमान ३१ माणसं गेली, त्यांत हॉटेलचे कर्मचारीही होते. टॉवर महिन्याभरात उघडला, जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी.

यानंतरचं धोरण सरळ होतं : स्वतःच्या मालकीच्या आणि फक्त चालवायला घेतलेल्या हॉटेलांचं प्रमाण निम्मं-निम्मं करायचं. २०२०-२१ या कोविडच्या वर्षात कंपनीला सुमारे ७२० कोटींचा तोटा झाला. तीनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, नफा साडेबाराशे कोटींच्या वर. २०३० पर्यंत ७०० हॉटेलं करू असं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. सदुसष्ट वर्षांत एक, आणि आता सहा वर्षांत आणखी साडेतीनशेच्या आसपास. एवढ्या भिंती कोणी स्वतः बांधत नाही.

गोव्यापुरतं बोलायचं तर पाहुणाही बदलला. २०१९ मध्ये राज्यात ९ लाखांवर परदेशी पर्यटक आले होते, २०२४ मध्ये पावणेपाच लाखांच्या आत. देशी पर्यटक मात्र ७१ लाखांवरून ९९ लाखांवर गेले. चार्टर आटले, मोपाला दुसरा विमानतळ झाला, आणि ज्या हॉटेलने कधी युरोपातल्या हिवाळ्यावर दिवस काढले, त्याच्या लॉबीत आता पुण्या-बेळगावच्या लग्नाची मेंदी असते. न्याहारीला पोहे मागणारा पाहुणा आणि त्याला ते न विचारता वाढणारा वेटर, १९७४ च्या कोणत्याही आराखड्यात नव्हते.

या वर्षीही मुलांना घेऊन गेलो होतो. वरून सगळं दाखवून झालं, वह्या मिटल्या, तेव्हा एकाने विचारलं, "सर, खाली बुरुजापर्यंत जाता येतं की हॉटेलातून जावं लागतं?" जाता येतं. हॉटेलच्या बाजूने सार्वजनिक रस्ता आहे, तो थेट खालच्या तटावर जातो. आम्ही बस खाली घेतली, चालत बुरुजावर गेलो. भरती होती. दोन पोरं गळ टाकून बसली होती, बाजूला गुजरातचं एक कुटुंब फोटो काढत होतं, आणि चिऱ्याच्या भोकांमधून पाणी वर येत होतं. पंधरा मिनिटांनी बसवाल्याने हॉर्न वाजवला.